खुशालरावांचा पहिला शोधनिबंध

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा देवश्रीनं सहज फोन उघडला, आणि तिथून बडनेऱ्यापर्यंत ती काही जागेवर बसली नाही. दारापर्यंत जायची, वारा खायची, परत यायची. शेवटी समोरच्या बाईनं विचारलंच, "काऊन वो ताई, तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे," देवश्री म्हणाली आणि पुन्हा उठली.

मेल एका परदेशी नियतकालिकाकडून आली होती. आपल्या शोधनिबंधातलं एक चित्र याआधी आणखी काही निबंधांत, निराळ्याच प्रयोगांच्या नावाखाली छापलं गेलं आहे, असं एका वाचकानं आमच्या नजरेस आणलं आहे. तरी प्रत्येक लेखकानं मूळ नोंदींसह स्वतंत्र खुलासा करावा, असा मजकूर होता. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो निबंध देवश्रीनं लिहिलेलाच नव्हता. तुरीचं उभं पीक वाळवून टाकणारा मर रोग आणि त्याला दाद न देणारी जनुकं, यापलीकडे तिनं अकोल्याच्या प्रयोगशाळेत दुसरं काही केलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिचे अकरा निबंध झाले होते. अकराच्या अकरा तिला तोंडपाठ होते. मग हा बारावा आला कुठून?

तिनं निबंध उघडला. लेखक तीन. पहिलं नाव डॉ. पुष्कर गावंडे, तिचा चुलतभाऊ. दुसरं तिचं स्वतःचं. तिसरं खुशालराव गावंडे.

म्हणजे काका, पुष्करचे वडील! आणि आज काकांची पंच्याहत्तरी होती. त्यासाठीच तर ती निघाली होती.

वाईट पुढंच होतं. चित्र तिनं बोटांनी मोठं करून पाहिलं. डीएनएचे तुकडे विजेच्या ओढीनं जेलच्या मऊ वडीतून सरकवले की उजेडात त्यांचे पांढरे पट्टे दिसतात. तसल्या पट्ट्यांचा तो फोटो. चौथ्या पट्ट्याशेजारी एक तिरकी फाट होती. जेलमध्ये खाचा पाडणारा कंगवा काढताना देवश्रीच्याच हातानं ती फाट पडली होती, त्या दिवशी ती स्वतःवर किती चिडली होती तेही तिला आठवलं. तिच्या सगळ्यात गाजलेल्या निबंधातला तो फोटो होता. इथं तो आरशात पाहिल्यासारखा उलटा करून लावला होता.

रुक्मिणीनगरातल्या घरापुढं मांडव पडला होता. गच्चीवर शकुनकाकू आणि गोदाआत्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सोल्यांची भाजी, रोडगे, वांगी असा बेत होता आणि रोडगे भाजायला खाली आचाऱ्यानं पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर वरपर्यंत येत होता.

"आली माय माही पोट्टी!" आत्यानं तिला जवळ ओढलं. आत्या काकांची मोठी बहीण. जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती होती. "बस. शकुन मघापासून सांगून राहिली का पुष्करचं नाव सहा हजार लोकायनं घेतलं. तुह्यं कितीकायनं घेतलं?"

"सातशेच्या आसपास, आत्या." आपल्या निबंधांचे दाखले दुसऱ्या संशोधकांनी किती वेळा दिले, त्याचा तो आकडा होता.

"कमीच हाय मंग."

"तिचे पेपरच अकरा अन् त्याचे दोनशाच्या वर," काकू म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "त्याच्या कॉलेजानं चौकात बोर्ड लावला त्याचा. येता येता पायला का नाई तू?"

"थे खरं," आत्या शेंग सोलता सोलता म्हणाली, "पन चांगल्यासाठी नाव घेतलं का वाईटासाठी, हे कोन मोजते? आमच्या गावात सगळ्यात जास्त नाव तं त्या बकऱ्या चोरनाऱ्याचंच घेत."

"बाई, आजच्या दिवशी तरी असं बोलू नोका," काकू फणकारली. मग देवश्रीकडं वळून हळूच म्हणाली, "जाय, काकाले भेट. पुष्करनं सकाळी ओवाळताना त्यायच्या हातात कागद देला. तवापासून खोलीबाहेर आले नाई. लेकरासारखे वाचून राहिले."

काका नव्या सदऱ्यात खिडकीशी बसले होते. मांडीवर छापील पानं, हातात पेन्सिल. अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस कुठलाही कागद पेन्सिलीशिवाय वाचत नसे. देवश्रीचे वडील गेले तेव्हा ती पाचवीत होती; काकांनीच तिला चांदूर बाजारहून इथं आणलं होतं आणि पुष्करच्या शेजारी त्याच टेबलाशी अभ्यासाला बसवलं होतं. पानावरचं चित्र आधी पाहायचं आणि नाव मागून, हे ती त्यांच्याचकडून शिकली होती.

"ये देवा. हे तिसरं नाव वाच. मोठ्यानं वाच."

"खुशालराव गावंडे," ती म्हणाली. आवाज आपोआप खाली गेला.

"पातूरची रानतूर आठवते तुले? भोवतालची सारी तूर मरून गेली होती अन् ती बांधावर हिरवीगार. मी त्यावर टिपण लिहिलं, दोनदा पाठवलं, दोनदा परत आलं. मग काही पाठवलं नाही." काका हसले. "पुष्कर म्हणते, त्याच निरीक्षणावर हा उभा आहे. मले तर रात्री झोपच येणार नाही आज."

"काका..."

"थांब. एक गोष्ट मात्र समजून नाही राहिली." त्यांनी पेन्सिल एका ओळीवर टेकवली. "इथं लिहिलं आहे, बियाणं पातूरहून दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात लेखकांनी गोळा केलं. त्या हिवाळ्यात तर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग कोण गेलं होतं? तू गेली होती का?"

"पुष्करला विचारून सांगते," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली.

पुष्कर मागच्या अंगणात आचाऱ्याकडून हिशेबानं रोडगे मोजून घेत होता. तिला पाहताच त्यानं आचाऱ्याला पुढं पाठवलं. तिला काही विचारावंच लागलं नाही.

"मेल तुलाही आली ना? आजचा दिवस जाऊ दे म्हटलं. उद्या बोलणारच होतो."

"माझं नाव कोणी घातलं?"

"मी. तुझं नाव असलं की पेपर अडत नाही, ताई. लोक तुझा तो पेपर ओळखतात."

"आणि माझा फोटो?"

"माझ्या पीएचडीच्या वेळी तूच फाइली दिल्या होत्या." तो दुसरीकडं बघत होता. "तू एका बियाण्यामागं पाच-पाच वर्षं बसू शकते, तुला कोणी विचारत नाही. आमच्याकडं दर जूनमध्ये नोटीस बोर्डावर आकडे लागतात. कोणाचे पेपर किती, सायटेशन किती. खालच्या दोघांना गेल्या वर्षी घरी बसवलं. त्यातला एक माझ्या टेबलाशेजारचा होता. मग माणूस काय करते? मी दुसऱ्याच्या पेपरचा दाखला माझ्यात देतो, तो माझ्या पेपरचा त्याच्यात देते. सगळेच करून राहिले."

"करोत सगळे. काकांना कशाला ओढलंस त्यात?"

पुष्करनं आता सरळ तिच्याकडं पाहिलं.

"ते तू बोलू नको. तुझा तो गाजलेला पेपर कोणाच्या बियाण्यावर आहे? बाबांनी टेकड्या तुडवून जमवलेलं बियाणं. त्या पेपरात बाबा कुठं आहेत सांग ना! शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आभारात. सातशे लोकांनी तुझं नाव घेतलं. त्यातल्या एकानं तरी बाबांचं घेतलं का?"

ज्यानं प्रयोग केला आणि ज्यानं लिहिलं तोच लेखक, हा नियम देवश्रीनं पाळला होता. नियम बरोबरच होता. पण तो छापील अंक तिनं काकांच्या हातात दिला तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत राहिले होते आणि मग फक्त "छान" म्हणाले होते. ती पानं ते कशासाठी उलटत होते हे तिला तेव्हाही कळलं होतं. तिनं विचारलं नव्हतं.

"हे पाय," पुष्कर जरा मऊ झाला, "तिघांनी एकच उत्तर द्यायचं. कॉम्प्युटर बिघडला, मूळ नोंदी गेल्या, फोटो चुकून बदलला. मी लिहून ठेवलं आहे. बाबांच्या नावाचा ईमेल माझ्याकडंच आहे, त्यांचंही मीच पाठवतो, त्यांना कळायचं काम नाही. तुझीही मुलाखत आहे ना पुढच्या आठवड्यात? प्रमुख शास्त्रज्ञाच्या जागेची? मग असलं काही बाहेर येणं तुलाच महागात पडेल."

"काऊन भांडून राहिले रे?" शकुनकाकू शेंगांची टोपली घेऊन दारात उभी होती. मागं पौर्णिमा, पुष्करची बायको, हातात हारांची पिशवी.

"ताईला बाबांचं नाव काढून टाकायचं आहे," पुष्कर म्हणाला.

"मी असं म्हटलं नाही," देवश्री म्हणाली. पण काकूनं टोपली खाली ठेवली होती.

"बापाच्या मागं तुले या घरात आनलं, देवश्री, तवा तुह्यं नाव रेशनकार्डावर कोनत्या नियमानं घातलं आमी? घरातली म्हनूनच घातलं ना? मंग त्यायचं नाव एका कागदावर आलं तं तुले काऊन खुपते? चाळीस वर्सं त्यायनं दुसऱ्यायची पोरं शिकवली. एक दिवस त्यायचा नाई का?"

देवश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूनं तिला आजवर पुष्करपेक्षा अर्धा घास कमी वाढला नव्हता, आणि तेच आज काढलं होतं.

"आई, ताईंना बोलू नका." पौर्णिमाचा आवाज इतका बारीक होता की पुष्करलाच आधी कळलं नाही कोण बोललं. ती त्याच्याच कॉलेजात शिकवायची. "माझंही नाव आहे, बावीस पेपरांवर. त्यातले मी वाचलेले चार. गेल्या महिन्यात मलाही अशीच मेल आली होती, दुसऱ्या पेपरची. यांनी उत्तर लिहून दिलं, मी हो म्हटलं. तेव्हापासून एमएस्सीच्या पोरांना जेल शिकवायला उभी राहिली की त्यांच्याकडं बघवत नाही. आता मी हो म्हणणार नाही."

"तू पण?" पुष्कर म्हणाला. "आजच?"

"रोज म्हणणार होते."

काकू सुनेकडं बघतच राहिली. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, या पोरीनं सासूसमोर नवऱ्याचा शब्द मोडलेला तिनं पाहिला नव्हता. तेवढ्यात आतून हाक आली.

"देवा, काय म्हणाला तो?"

पाहुणे यायला लागले होते. मांडवात खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कोणाचं तरी हसणं. काकांच्या खोलीत चौघंही एकामागून एक शिरली. काकांची पेन्सिल त्याच ओळीवर होती.

"पातूरला कोण गेलं होतं?"

"लोक येऊन राहिले," काकू म्हणाली. "आज नोको ना."

"मी एक साधा प्रश्न विचारून राहिलो, शकुन."

देवश्रीनं तोंड उघडलं. काय बोलायचं हे तिचं अजून ठरलं नव्हतं. नुसतं बोलायचं एवढंच ठरलं होतं. पण तिच्याआधी पुष्करच बोलला.

"कोणीच नाही गेलं, बाबा."

"मग बियाणं?"

"नव्हतं."

"आणि हे पट्टे?"

"ताईचे आहेत. तिच्या जुन्या पेपरातले. उलटे करून लावले."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. पानांकडं पाहिलं. देवश्रीला वाटलं ते ओरडतील. लहानपणी पुष्करनं दुसऱ्याच्या वहीतून आकृती छापली होती तेव्हा ते असे ओरडले होते की शेजारी धावत आले होते. आज ते ओरडले नाहीत.

"तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं," पुष्कर म्हणाला. आता तो चाळिशीचा डॉक्टर गावंडे दिसतच नव्हता. "ताईनं आभारात घातलं तेव्हा तुम्ही महिनाभर तो अंक उशाशी ठेवून निजत होते. मी पाहिलं ना."

"खरं आहे," काका म्हणाले. "लागलं होतं मले. खोटं काहून बोलू? वाटायचं, वर असतं नाव तर हिचं काय बिघडलं असतं."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं, काका," देवश्री म्हणाली.

"हो. विचारायला पाहिजे होतं." त्यांनी तिला त्यातून सोडवलं नाही. मग ते पुष्करकडं वळले. "पण बियाणं मी आणलं होतं, पुष्कर. तेवढं केलं होतं. हिनं तेवढंच लिहिलं. हे जे तू दिलं, यात तर मी कुठं गेलोच नाही."

ते उठले. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत मांडवात गेले. समोर टेबलावर हार घातलेली मोठी फ्रेम होती. तिच्यात निबंधाचं पहिलं पान, काकांच्या नावाखाली सोनेरी रेघ. जुने सहकारी, विद्यार्थी, चांदूर बाजारचे नातलग उठून उभे राहिले. "सर, दाखवा ना आम्हाला!" कोणीतरी म्हणालं.

"हे माझं नाही," काका म्हणाले. "चुकून आलं आहे इथं. तुम्ही बसा, जेवण तयार आहे." आणि ती फ्रेम छातीशी धरून ते आत घेऊन आले. हार वाटेत गळून पडला. पौर्णिमानं तो उचलला आणि कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून उभी राहिली.

पंगती बसल्या. लोक कुजबुजले, मग वांग्याची भाजी आली आणि जेवायला लागले. गोदाआत्या सगळ्यांना सांगत फिरली की भावाची शुगर वाढली आहे, तो जरा पडला आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंडाला येईल ते न बोलता दुसरंच काही सांगितलं असेल.

आत देवश्रीनं काकांना आलेली मेल वाचून दाखवली, पौर्णिमाला आलेलीही सांगितली, आणि काकांनी तिला टेबलाशी बसवलं. "त्या अंकवाल्यायले मेल लिही. मी सांगतो तशी."

"बाबा," पुष्कर दारातूनच म्हणाला, "तुम्ही लिहिलं की ते माझे सगळे काढतील तपासायला. नोकरी जाईल माझी."

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "जाईल," ते म्हणाले. "मग आपण पाहू. तू तुझं लिही. पौर्णिमा तिचं लिहील. माझं तू लिहायचं नाही."

पुष्कर दारातून मागं फिरला. मग गाडीची किल्ली खुंटीवरून काढल्याचा आवाज आला, आणि फाटकाचा. बापाच्या पंच्याहत्तरीला लेक न जेवता घरातून गेला. पौर्णिमा फाटकापर्यंत धावली आणि तिथंच थांबली.

काकांनी सांगितलं, देवश्रीनं लिहिलं. मी या संशोधनात कोणताही भाग घेतलेला नाही. माझं नाव माझ्या नकळत घातलं गेलं. दोन हजार एकोणीस साली मी पातूरला गेलो नव्हतो. इंग्रजीत उतरवल्यावर ते चार ओळींत मावलं. त्याच्यापाठोपाठ तिनं स्वतःचंही लिहिलं. तिचं जरा लांबलं, कारण फोटो कुठला आणि कोणाचा हे सांगणं भाग होतं. पुढच्या आठवड्यात मुलाखतीच्या टेबलाशी कोणीतरी हे विचारणार, आणि विचारणारा माणूस तिन्ही नावं एकाच आडनावाची आहेत हेही बघणार, हे लिहिताना तिला दिसत होतं. तिनं एकही शब्द गाळला नाही.

"हे छापून येते का?" काकांनी विचारलं.

"निबंध मागे घेतला तर तशी सूचना छापतात. का मागे घेतला, कोणी काय कळवलं, ते सगळं येतं."

"नावानिशी?"

"हो, काका."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मांडवात दुसरी पंगत बसत होती. "म्हणजे माझं नाव त्या अंकात येईल ते असं येईल."

देवश्रीनं मान हलवली. काकांना हो म्हणायला वेळ लागला. तिनंही घाई केली नाही. त्यांनी नको म्हटलं असतं तर ती काय करणार होती, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"पाठव," ते म्हणाले.

तिनं पाठवलं. फ्रेम पलंगावर पालथी पडली होती.

शकुनकाकू ताट घेऊन आली. एकच ताट. रोडगा कुस्करून त्यावर तूप घातलेलं, सोल्यांची भाजी, वांगी. तिनं ते काकांसमोर ठेवलं, पाण्याचा गडू ठेवला, नवऱ्याच्या सदऱ्यावरची औक्षणाची हळद झटकली. डोळे रडून सुजले होते. देवश्रीकडं न बघताच ती म्हणाली,

"तुले भूक लागली तं बाहेर येजो. आज मी वाढनार नाई."

ती गेली. तिच्या पावलांचा आवाज ओसरेपर्यंत देवश्री बसली. मग उठली, बाहेर गेली, ओट्यावरचं ताट स्वतःच्या हातानं घेतलं आणि पंगतीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. गोदाआत्यानं तिला पाहिलं, शेजारणीला कोपरानं जरा सरकवलं आणि आपल्या बाजूला एवढीशी जागा केली.